वरच्या खोलीतली दुपार

अक्काच्या ऑफिसबाहेर एक लांब बाकडं होतं. त्या बाकड्यावर बसणाऱ्यांना शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे अरे-तुरे करत. अक्का तेवढी अहो म्हणायची.

शिक्षेचा मोठा भाग तुरुंगात काढून झाला आणि वागणूक बरी असली, की उरलेला भाग बाहेर राहून, सरकारच्या नजरेखाली काढायला मिळतो. ती नजर म्हणजे अक्का. दर आठवड्याला हजेरी घ्यायची, घरी जाऊन बघायचं, कामधंदा, संगत, पिणं-बिणं यांची चौकशी करायची, आणि काही वावगं दिसलं की वर कळवायचं. वर कळवलं की माणूस परत आत. बाकीचे अधिकारी दारातूनच विचारपूस करून निघायचे. अक्का आत जाऊन बसायची, पाणी मागायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "झोप लागते का?"

"अक्का, आपण पाळत ठेवतो, पाळणा हलवत नाही," असं साहेब चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे. अक्काही हसायची आणि पुढच्या घरी निघायची. तिच्या हाताखालची माणसं सहसा परत आत जात नसत, हे साहेबांनाही माहीत होतं, पण तसं बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

घरी अक्काची सासू होती. पाय गेलेले, तोंडाचा पट्टा मात्र शाबूत. "आधी तुझ्या चोरांची पोटं भर, मग माझं ताट वाढ," हे तिचं रोजचं.

त्या वर्षी अक्काकडे मांजऱ्या आला. डोळे काळेभोर होते. नाव पडलं होतं ते चालीमुळे. तो मागे येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही. एके काळी तो दुपारी घरं फोडायचा. माणसं कामावर, पोरं शाळेत, गल्ली सुस्तावलेली, अशा वेळी तो आत शिरून निवांत काम उरकायचा. शेवटच्या घरात मात्र त्याचा अंदाज चुकला. रिकाम्या समजलेल्या घरात एक म्हातारा झोपलेला होता. तो उठला, झटापट झाली, मांजऱ्याने त्याला ढकललं. म्हातारा पडला आणि मांजऱ्या पळाला. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा म्हातारा जमिनीवर गेलेला सापडला. मांजऱ्याची जवानी त्या एका धक्क्यापायी आत गेली.

बाहेर आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. एका लॉन्ड्रीच्या मागची खोली त्याला मिळाली आणि गोदामात दुपारपर्यंत खोकी उतरवायचं काम. अक्का पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा निघताना तो तिला पोचवायला दाराशी आला आणि दार लोटलेलं असूनही नुसताच उभा राहिला. कुणीतरी बाहेरून उघडेल म्हणून वाट बघत. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळला.

"होतं असं," अक्का म्हणाली. "उघडा. तुमचंच दार आहे."

दोनेक महिने सगळं सुरळीत चाललं. मग त्या भागातून तक्रारी यायला लागल्या.

तक्रारी विचित्र होत्या. माणसं कामावरून घरी येत, कुलूप जागच्या जागी, चीजवस्तू सगळी शाबूत. पण घरातली आतली दारं सताड उघडी. बेडरूमचं, बाथरूमचं, माळ्याचं, कपड्यांच्या कपाटाचंसुद्धा. आणि ओट्यावर एक पेला विसळून उपडा घातलेला. एका घरी झालं तेव्हा नवरा-बायकोने एकमेकांवर ढकललं. दुसऱ्या घरी दोन लहान मुलं होती. त्यांच्या आईने रात्रीत कुलूप बदललं. तिसरं घर एका निवृत्त नर्सबाईंचं. त्या सरळ पोलिसांत गेल्या. हवालदार म्हणाला, "बाई, भांडी घासणारा चोर सापडला तर आधी आमच्या घरी पाठवा." नर्सबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चोरी झाली असती तर मला झोप लागली असती. कुणीतरी माझ्या घरात माणूस शोधत होतं."

हे वाक्य फिरत फिरत अक्काच्या कानावर आलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

साहेबांच्याही मनात तेच नाव होतं. "कुलूप न मोडता आत जाणारा या भागात दुसरा कोण आहे? कागद तयार करा, जाऊ दे परत."

"मला एकदा बोलू द्या त्यांच्याशी."

"तो काय कबूल होणार आहे?"

"मी कबुलीसाठी जात नाहीये," अक्का म्हणाली.

ती ऐन दुपारी गेली. मांजऱ्या खोलीत भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता, दोन्ही कानांवर हात ठेवून. लॉन्ड्रीचं मशीन बंद होतं, त्यामुळे आवाज असा नव्हताच. अक्का त्याच्यासमोर खाली बसली. गेलात का, का गेलात, यातलं काहीच तिने विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आत गेल्यावर तुम्ही कुणाला शोधता?"

मांजऱ्याने हात खाली घेतले.

"पडलेल्या माणसाला," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. कामावरून परत येताना बंद घरावरून गेलं की आतून आवाज येतो. धप्प. माणूस पडल्याचा. रोज नाही, प्रत्येक घरातून नाही. पण आला की पाय पुढे सरकत नाहीत. आत कुणीतरी पडलंय आणि आपण चाललोय, असं होतं. मग हात आपोआप कुलपाकडे जातात. आत जाऊन तो सगळ्या खोल्या बघतो, दारांमागे, कपाटांत. कुणी नसतं. मग पाणी पिऊन तो जरा टेकतो.

"पेला विसळून ठेवतो," तो खाली मान घालून म्हणाला. "उष्टा कसा ठेवायचा लोकांच्या घरात."

"नुसता पडल्याचा आवाज?"

"नाही," तो म्हणाला. "त्यानंतर टकटक. स्टीलचा पेला फरशीवर आपटावा तसा. टक. मग थांबतं. परत टक. अक्का, आधी जोरात असतं आणि मग हळूहळू कमी होत जातं. मी आत पोचेपर्यंत थांबलेलं असतं."

बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, आणि तरी तिने एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही ऐकलं होतं हे?"

"तो पडला आणि मी पळालो. जिना उतरलो ते थेट बाजार गाठला. मी कुठून ऐकणार?"

खटल्याची हकिगत अक्काला पाठ होती. पेल्याचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता. भास असणार, असं तिने स्वतःला बजावलं. इतकी वर्षं मनात घोळवलं की मन आवाजही तयार करतं. घरी येऊन ती भाजी चिरायला बसली आणि मागून आवाज आला, टक, टक, टक. तिच्या हातातली सुरी खाली पडली. सासूबाई पलंगाच्या कडेवर पेला वाजवत होत्या. पाणी हवं असलं की त्या नेहमीच वाजवायच्या, वर्षानुवर्षं.

"बहिरी झालीस काय गं?" सासूबाई ओरडल्या. "अशी भूत बघितल्यासारखी काय उभी राहिलीस?"

अक्काने पाणी दिलं आणि त्या पूर्ण पिऊन होईपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना खरं ते सांगितलं. मांजऱ्याच गेला होता. साहेब कागदाकडे हात नेणार तोच ती म्हणाली, "आत पाठवलं तर उरलेली वर्षं काढून ते बाहेर येतील, आवाज घेऊनच. तेव्हा त्यांच्यावर कुणाची नजरही नसेल. मला थोडा वेळ द्या. मी त्यांना त्या तिन्ही घरी घेऊन जाते, समोरच्या दाराने."

साहेबांनी डोक्याला हात लावला. "आणि कुणी जोडा काढला तर?"

"तर तो आम्ही दोघं खाऊ."

जोडा कुणी काढला नाही, पण लहान मुलांच्या आईने दार तोंडावर आपटलं. आतून म्हणाली, "माझी पोरं आता एकटी बाथरूमला जात नाहीत. तुला माफी हवी असेल तर दुसरीकडे माग." अक्का मांजऱ्याला घेऊन पुढच्या घरी गेली. नवरा-बायकोने ऐकून घेतलं आणि पुन्हा या गल्लीत दिसू नकोस म्हणाले. नर्सबाईंनी मात्र दोघांना आत घेतलं, मांजऱ्याला सगळ्या खोल्या स्वतः दाखवल्या, कपाट उघडून दाखवलं. "आहे कुणी?"

"नाही."

"पुन्हा आवाज आला तर बेल वाजवायची. मी आले तर मी बरी आहे. नाही आले तर शेजाऱ्यांना हाक मारायची. कुलपाला हात लावलास तर मात्र मी स्वतः तुला परत आत पोचवीन." त्यांनी तक्रार मागे घेतली. साहेबांनी नाइलाजाने मुदत दिली.

बेलचा नियम अक्काने सगळ्याच घरांना लावला. आवाज आला की बेल. कुणी आलं नाही की शेजारी, नाहीतर अक्काला फोन. मांजऱ्या फोन करायचा. "अक्का, आलाय." ती पलीकडून म्हणायची, "मी आहे. चालत राहा, बोलत राहा." काही वेळा नुसता त्याचा श्वास ऐकू यायचा. एकदा त्या श्वासामागे तिला काहीतरी बारीक वाजल्यासारखं वाटलं. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. लाइनचा दोष असेल, असं म्हणून तिने तो विषय मनातल्या मनात मिटवला, पण मिटला नाही.

शेवटी ती म्हाताऱ्याच्या त्या इमारतीत गेली. जुनी दुमजली इमारत, खाली शिंप्याचं दुकान, वरच्या खोल्यांना कुलूप. म्हाताऱ्याचा मुलगा केव्हाच गाव सोडून गेला होता. अक्काने पिशवीची उसवलेली शिवण पुढे केली आणि स्टुलावर बसली. शिंपीमास्तर सत्तरीचे, मान मशीनवर वाकलेली. ते मशीन क्षणभरही थांबू देत नव्हते. पिशवी शिवून झाली तरी एका चिंधीवर उगाच टाके घालत राहिले. मग दोरा तुटला, मशीन थांबलं, आणि मास्तरांची नजर छताकडे गेली.

"वर कुणी राहतं का?" अक्काने विचारलं.

"कुणी नाही."

"मग काय ऐकताय?"

मास्तर तिच्याकडे वळले. ती कोण, कुठली, त्यांनी विचारलं. तिने लपवलं नाही. ते ऐकून त्यांचे हात मांडीवर पडले.

"त्या दुपारी वरून टकटक येत होती," ते म्हणाले. "पेला वाजवल्यासारखी. मला वाटलं, म्हातारा पाणी मागतोय सुनेकडे. सून माहेरी गेलीय, हे मला ठाऊक होतं, आणि तरी वाटलं. लग्नसराईचं काम होतं हातात. मशीन चालू केलं की ऐकू यायचं नाही, म्हणून मी मशीन चालूच ठेवलं. संध्याकाळी बंद केलं तेव्हा वर शांत होतं. पोलीस आले तेव्हा मी मूग गिळून बसलो. बायकोलाही बोललो नाही कधी." त्यांनी तुटलेला दोरा पुन्हा ओवायला घेतला. "मशीन थांबलं की अजून येतं."

अक्का रस्त्यावर आली. ज्याने ऐकलं होतं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याने ऐकलंच नव्हतं तो ते जसंच्या तसं सांगत होता. याचा अर्थ काय लावायचा, हे तिला कळेना, आणि तो लावायचा प्रयत्नही तिने सोडून दिला. प्रश्न वेगळाच होता. म्हातारा लगेच गेला नव्हता. दुपारभर जिवंत होता. हे मांजऱ्याला सांगायचं का?

आठवडाभर तिच्या जिवाला चैन नव्हती. सांगितलं तर तो मोडेल. नाही सांगितलं तर आपणही आपलं मशीन चालूच ठेवल्यासारखं. पुढच्या हजेरीला तिने त्याला आत बसवलं, दार लोटलं आणि सांगितलं. मास्तरांचंही सांगितलं.

मांजऱ्याचा चेहरा हलला नाही. "म्हणजे मी परत वर गेलो असतो तर?"

"कदाचित वाचले असते."

तो उठला, दार स्वतःच्या हाताने उघडलं आणि गेला. पुढच्या हजेरीला आला नाही. फोन बंद, गोदामात नाही, खोलीवर नाही. अक्काचा जीव टांगणीला लागला. साहेब म्हणाले, "आता तरी?" ती म्हणाली, "एक ठिकाण बघायचं राहिलंय."

शिंप्याच्या दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं. आत मशीन बंद. मास्तर त्यांच्या स्टुलावर, मांजऱ्या जमिनीवर, एकमेकांकडे पाठ करून. अक्काने तोंड उघडलं तसा मास्तरांनी हात वर केला. ती दाराशीच थांबली. तिला पंख्याची घरघर ऐकू येत होती, बाकी काही नाही. पण तिला दिसत होतं. मास्तरांचे डोळे मिटले, त्याच क्षणी मांजऱ्याचे मिटले. दोघांच्या खांद्यांना एकदम झटका बसला. मध्ये सगळं थांबलं. पुन्हा एकदम. एकमेकांना बघत नव्हते, तरी एका ठोक्याचाही फरक नव्हता. अक्काने दाराची चौकट घट्ट धरली.

मग मास्तरांनी श्वास सोडला. "थांबलं."

"थांबलं," मांजऱ्या म्हणाला. तो चार दिवस तिथे येत होता. पहिले दोन दिवस समोरच्या फुटपाथवर बसला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनीच हाक मारली, "ए, तू तोच ना? उन्हात काय बसतोस?"

मांजऱ्याने गोदाम सोडलं आणि मास्तरांकडे कामाला लागला. बटणं लावायची, काजं करायची, शिवलेले कपडे घरोघर पोचवायचे. साहेबांना ही गोष्ट पसंत नव्हती, पण हजेरी चुकत नव्हती आणि तक्रार येत नव्हती. रस्त्यात आवाज येणं कमी झालं. दुकानात मात्र यायचा. आला की मास्तर विचारायचे, "आला का रे?" तो म्हणायचा, "आला." दोघं हातातलं काम बाजूला ठेवायचे आणि थांबेपर्यंत ऐकायचे. मशीन चालू करून तो बुडवायचा नाही, असं त्यांचं आपापसात ठरलं होतं.

मग वरच्या खोल्या भाड्याने गेल्या. नवरा, बायको, दोन मुली. महिनाभराने ती बाई खाली उतरली. अक्का नेमकी त्या दिवशी तिथे होती.

"मास्तर, राग मानू नका," बाई म्हणाली. "दुपारी तुम्ही छताला काही ठोकता का? मुली झोपल्या की टकटक सुरू होते. खालूनच येते."

मास्तरांच्या हातातली कात्री तशीच राहिली. मांजऱ्या उठून उभा राहिला.

"ताई, आम्ही ठोकत नाही," तो म्हणाला. "मी कोण ते आधी सांगतो. मग मला वर येऊ द्यायचं की नाही, तुम्ही ठरवा."

त्याने सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, काही न गाळता. बाईने तोंडावर हात ठेवला. तिने अक्काकडे बघितलं. अक्का म्हणाली, "मी सोबत असेन. पण घर तुमचं आहे." बाईने जिन्याचा कठडा धरून वर, आपल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "या. मुलींना मी स्वयंपाकघरात ठेवते."

म्हाताऱ्याच्या खोलीत आता मुलींचा पलंग होता, भिंतीवर खडूची चित्रं होती. तरी मांजऱ्या सरळ खिडकीपाशी गेला आणि एका जागी खाली बसला. मास्तर गुडघे धरत त्याच्या शेजारी टेकले.

"संध्याकाळपर्यंत होता ना तो?" मांजऱ्याने विचारलं.

"हो," अक्का म्हणाली.

"मग संध्याकाळपर्यंत बसतो."

आणि ते बसले. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं. आत बाईने कुकर लावला. धाकटी मुलगी दोनदा डोकावून गेली आणि तिसऱ्यांदा येऊन पलंगाखालची तिची बाहुली घेऊन गेली. एकदा मांजऱ्याने फरशीवर हात सपाट ठेवला, कुणाच्या छातीवर ठेवावा तसा, आणि पुटपुटला, "आहे मी. आहे." मास्तर मान खाली घालून रडत होते, आवाज न करता. अक्का दारात उभी होती. कधीतरी, उन्हं उतरायच्या सुमाराला, तिला ऐकू आलं. एकदाच. खूप लांबून, खूप हळू. तिने दोघांकडे पाहिलं नाही. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

नवरा कामावरून आला आणि आपल्या घरात तीन परकी माणसं बघून दारातच थबकला. तेव्हा मांजऱ्या उठला. "झालं," तो म्हणाला, आणि मास्तरांना हात देऊन उठवलं.

त्या बाईने पुन्हा कधी टकटकीचं काढलं नाही. अक्कानेही विचारलं नाही. मास्तर दुपारचे मशीन बंद करून डुलकी काढायला लागले, घोरायलासुद्धा, असं मांजऱ्या सांगायचा. मुलांच्या त्या आईने त्याला माफ केलं नाही ते नाहीच. तो तिच्या गल्लीतले कपडे पोचवायला दुसऱ्या कुणालातरी पाठवायचा.

त्याची मुदत संपली त्या दिवशी साहेबांनी शेवटची सही केली. तो गेल्यावर त्यांनी अक्काला थांबवून घेतलं.

"वर्षअखेरीला मला लिहावं लागतं, अमुक माणूस का सुधारला. काय लिहू?"

अक्का म्हणाली, "लिहा, नियमित भेटी दिल्या."

"एवढंच?"

"बाकीचं तुम्हाला खरं वाटणार नाही," ती म्हणाली, आणि बाहेर बाकड्यावर एक नवीन बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती, तिला आत बोलावायला गेली. "या," ती म्हणाली. "बसा. झोप लागते का तुम्हाला?"